दारातल्या दोघी

परवा सकाळी मागचं दार उघडलं आणि मोहोराचा वास घरात आला. यंदा थंडी उशिरा पडली, म्हणून मोहोरही उशिरा. बाहेरून आलेल्या माणसाला हा वास गोड वाटतो, तो डोळे मिटून उभा राहतो. रत्नागिरीत राहणारा माणूस हा वास आला की आधी आभाळाकडे बघतो. मोहोर पुरता फुटलेला असताना एक ढगाळ सकाळसुद्धा पुरते. मळभ दाटलं, दमट धुकं साचलं, की बारीक तुडतुडे पडतात. मोहोर चिकट होतो, काळा पडतो आणि हात लावला तर भुग्यासारखा झडतो. म्हणून पौष-माघात आमच्याकडे माणसं जरा दबून बोलतात. यंदा छान आहे, असं कुणी म्हणत नाही. कुंपणापलीकडे तात्या राहतात, त्यांची आंब्याची चाळीस कलमं आहेत. त्यांना विचारलं, यंदा कसं, तर ते मोहोराकडे न बघता "बघू" म्हणतात आणि पंपाची नळी गुंडाळायला लागतात.

माझं एकही कलम नाही. तरी ह्या दिवसांत मला फार भीती वाटते. ती भीती एका शनिवारची होती. आता दोन शनिवारांची झाली आहे.

कुंदा श्रावणात गेली. आम्ही दोघी सत्तावीस वर्षं ह्या घरात राहिलो. घर तिनं बांधलं, कर्ज तिनं काढलं, जांभ्याचे चिरे निवडायला ती स्वतः खाणीवर गेली होती. ती मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या यंत्रांवर देखरेख करायची आणि मी शाळेत मराठी शिकवायचे. गावाला आम्ही 'त्या दोघी बाया' होतो. मुलांना मी बाई आणि ती कुंदामावशी.

आमच्या वाचनालयाच्या माडीवर हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी तीन वाजता मुलांना चित्रपट दाखवतात. शाळा सकाळची असते, मुलं जेवून येतात. हे कुंदानं सुरू केलं. रंगीत, हलत्या चित्रांचे ते परदेशी सिनेमे सगळे इंग्रजीतले, आणि आमची मुलं नगरपालिकेच्या नाहीतर मराठी माध्यमाच्या शाळांतली. म्हणून आम्ही एक पद्धत काढली. कुंदा सिनेमाचा आवाज बारीक करायची आणि मी भिंतीशेजारी माईक घेऊन उभी राहून सगळी गोष्ट मराठीत बोलायचे, प्रत्येकाच्या आवाजात. परदेशी नावं मुलांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून नावंही बदलायचो. त्यासाठी एक वही होती. आठवडाभर सिनेमा तीनतीनदा बघून मी त्यात वाक्यं लिहायचे. शुक्रवारी रात्रीची भांडी झाली की कुंदा ती वही घेऊन बसायची आणि मला जिथे बोलायला वेळ कमी पडणार तिथे समासात लाल टिंब द्यायची. टिंब म्हणजे तिथे ती चित्र थांबवणार. मी बोलून संपवलं की पुढे. माझ्या श्वासाचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चांगला कळायचा.

वर जायच्या जिन्याखाली मुलांच्या चपला पडलेल्या असत. कुंदा त्या ढिगाकडे बघून म्हणायची, "आज बावीस जोड. दोघांनी एकमेकांच्या घातल्यायत."

एकदा एका सिनेमात एक कोल्हा होता. राजाचा कारभारी, खजिन्यातून चोरी करणारा. अंगावर रेशमी शेला, डोळ्यांत काजळ, बोलताना मनगट वळायचं. मी त्याला एक लाडिक, बारीक आवाज दिला. कंबर जरा हलवलीही. मुलं हसून हसून बाकांवरून खाली आली. दर वेळी तो कोल्हा आला की मुलं आधीच माझ्याकडे बघायची, आणि मी त्यांना निराश केलं नाही. घरी आल्यावर कुंदा चहा गाळताना म्हणाली, "त्याला वाईट दाखवायला चोरी पुरेशी नव्हती का गो? काजळ कशाला घालायला हवं?"

मी म्हटलं, काजळ मी नाही घातलं, सिनेमावाल्यांनी घातलं.

"आवाज तू दिलास," ती म्हणाली.

त्या रात्री मी मनातल्या मनात लहानपणापासून पाहिलेली, मुलांसाठी काढलेली चित्रं आठवत बसले. आमच्यासारखी माणसं त्यांत कुठे होती? होती ती अशीच. काजळ घातलेली, वळणारी, शेवटी कड्यावरून पडणारी. ती पडली की टाळ्या. त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या होत्या. आणि पुस्तकं? मी त्या वाचनालयातलं बहुतेक कपाट वाचून काढलं आहे. आम्ही कुठल्याच पानावर नव्हतो. मी शोधत होते हेसुद्धा मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तक परत करताना माझा चेहरा बघून कुंदाला कळायचं, ह्यातही नाही म्हणून.

मग सहा वर्षांपूर्वीच्या माघात तो होडीचा सिनेमा आला.

बर्फाच्या मुलखातलं एक बंदर. एका मुलीचा पाळलेला हंस हरवतो आणि ती छोट्या होडीतून त्याला शोधायला निघते. आम्ही तिला चिमी म्हटलं. आमची मुलं होड्या बघत वाढलेली. चिमीनं वल्हं चुकीचं धरलं की सगळी ओरडून तिला दुरुस्त करायची. शेवटी चिमी हंस घेऊन परत येते, संध्याकाळ झालेली असते, एका घराचं दार उघडतं, आणि दारात दोन बायका उभ्या असतात. एकीच्या हाताला पीठ लागलेलं. दुसरी तिच्या खांद्यावर हात टाकते, तिच्या कपाळाला ओठ लावते, मग दोघी खाली बसतात आणि चिमी दोघींच्या मध्ये शिरते. ती दोघींनाही एकाच शब्दानं हाक मारते. बस, एवढंच. मी घड्याळ लावून बघितलं होतं, अकरा सेकंद.

ते अकरा सेकंद मी आठवडाभरात किती वेळा बघितले ते सांगत नाही. अख्ख्या सिनेमात त्या दोघी आधी कुठेच दिसत नाहीत, नंतरही नाहीत. ते अशा बेतानं ठेवलेलं होतं की कापून टाकलं तरी गोष्टीला पत्ता लागू नये. ज्यांनी ते काढलं तेही माझ्यासारखेच घाबरलेले असणार, असं मला वाटलं. दार उघडलं, पण एक पाय आतच ठेवला.

वहीत मी लिहिलं: 'चिमीची आई आणि मावशी दारात उभ्या होत्या.' कुंदानं शुक्रवारी वही वाचली. मिटून माझ्या पिशवीत ठेवली.

शनिवारी दार उघडलं, त्या दोघी दिसल्या, आणि चित्र थांबलं. कुंदानं थांबवलं होतं. भिंतीएवढ्या त्या दोघी, एकीचे ओठ दुसरीच्या कपाळावर, आणि समोर पंचवीस मुलं, मागच्या बाकांवर त्यांना घ्यायला आलेल्या आया. पंखासुद्धा बंद होता. मी वहीत बघून वाचलं, "चिमीची आई आणि मावशी दारात उभ्या होत्या." माझा आवाज अगदी स्वच्छ आला. कुंदाचं बोट बटणावरच राहिलं. मग चित्र पुढे सरकलं.

रिक्षातून घरी येताना कुंदानं बाहेर बघत एवढंच म्हटलं, "मावशी तर मावशी." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

ह्या शब्दानं आम्हाला खूप सांभाळलं, हे खरं आहे. मावशी म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही. चतुर्थीला मोदक येतात, लग्नाची पत्रिका दोघींच्या नावानं येते, तात्या दरवर्षी पहिल्या तोडीतले दोन डझन आंबे कुंपणावरून देतात. श्रावणात इस्पितळात परिचारिकेनं विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? मी म्हटलं, बहीण. तिनं दोघींच्या आडनावांकडे बघितलं आणि म्हणाली, मग सहीला भाऊ असतील तर त्यांना बोलवा. मी जिन्यात जाऊन कुंदाच्या भावाला चिपळूणला फोन केला. वाशिष्ठीला पाणी चढलं होतं, त्याला पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर मी काचेच्या बाहेर बसले होते. काचेच्या आतून तिनं एकदा मान वळवली, मला शोधल्यासारखी. मी हात वर केला. तिला दिसला की नाही, माहीत नाही.

बाराव्याला मी शेजारच्या बायकांच्या रांगेत बसले. तिच्या भावानं मला नमस्कार केला. चांगला माणूस आहे. घर आता कायद्यानं त्याचं, त्याला ते माहीत आहे आणि मलाही. अंगणात त्यानं तात्यांना विचारलं, ह्यांचं काय करायचं? मी आत कढी ढवळत होते, मला ऐकू येत होतं. तात्या म्हणाले, सख्ख्या बहिणीसारख्या राहिल्या हो, आता म्हातारपणी तिला कुठे घालवणार. भाऊ म्हणाला, राहू दे मग. त्या दिवशीही मी अशाच एका शब्दाखाली उभी राहिले, आणि मला पाऊस लागला नाही.

कुंदाचा आणि तात्यांचा मोहोरावरून दरवर्षी वाद व्हायचा. मळभ दिसलं की तात्या फवारायला धावायचे. कुंदा कुंपणावरून सांगायची, तात्या, फुललेल्या मोहोरावर मारू नका, मधमाश्या येणार नाहीत, मग फळ कसं धरायचं? तात्या म्हणायचे, आणि नाही मारला तर मोहोरच ऱ्हायचा नाय, मग माशी येऊन काय करेल? दोघांचंही बरोबर असायचं. मी मध्ये उभी राहून दोघांना चहा द्यायचे.

ह्या माघात वाचनालयातून निरोप आला की मुलं शनिवारचं विचारतायत. होडीचा सिनेमा हवाय. ज्यांनी तो पूर्वी बघितला त्यांनी आपल्या धाकट्या भावंडांना सांगून ठेवलंय. मला नाही म्हणता आलं असतं. मी वही काढली. माझं अक्षर, समासात तिची लाल टिंबं. शेवटच्या पानावर 'आई आणि मावशी' ह्या ओळीपाशी टिंब होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्या ओळीला थांबायची गरजच नव्हती. सात शब्दांचं वाक्य, अकरा सेकंद. कुंदा कधी उगीच टिंब द्यायची नाही. मी काय लिहिलंय ते तिनं शुक्रवारी वाचलं होतं, आणि तिनं मला वेळ दिला होता. दुसरं काही बोलायला.

शनिवारी मी एका हातात माईक आणि दुसरा हात लॅपटॉपवर ठेवून बसले. उभं राहून जमेना. थांबवायचंही मलाच होतं. मी वहीत काही बदललं नव्हतं. जे लिहिलंय तेच वाचायचं, असं ठरवून आले होते. चिमी परत आली. दार उघडलं. टिंबापाशी माझं बोट आपोआप खाली गेलं आणि त्या दोघी भिंतीवर थांबल्या.

पुढच्या बाकावर सुमैया बसली होती. नऊ वर्षांची, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. तिचे वडील कुवेतला असतात. तिनं विचारलं, "बाई, ह्यातली चिमीची आई कुठली?"

मी म्हटलं, "दोघी."

मला वाटलं माडी हलेल. काहीच झालं नाही. सुमैयानं जरा विचार केला आणि समजूतदारपणे म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखं. मम्मी आणि चाची. अब्बा आणि चाचा तिकडेच असतात." मागून एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे पण, आई नि काकी, पप्पा मुंबईला. दोघातिघांनी माना हलवल्या. ह्या माडीवरच्या अर्ध्या मुलांचे बाप जहाजावर, आखातात नाहीतर मुंबईत. दोन बायकांनी मिळून घर चालवणं इथे कुणाला नवं नाही. आमची सत्तावीस वर्षं ह्याच सवयीच्या आड तर निघून गेली. मी एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं, हो, तशाच. कुणी खोटं म्हणालं नसतं. मागच्या बाकावर रेहाना बसली होती, सुमैयाची आई, ओढणीचं टोक दातांत धरून. तिच्या शेजारी आणखी चार-पाच जणी. मला घराच्या दाराची कडी आठवली, कुंदानं स्वतः बसवलेली. तात्यांचा शब्द आठवला.

मी म्हटलं, "नाही ग. तसं नाही. तुझी चाची चाचांची वाट बघते ना? ह्या दोघी कुणाची वाट बघत नाहीत. ह्या एकमेकींच्या आहेत. नवरा-बायको असतात तशा."

मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

सुमैया भिंतीकडे बघत होती. मग माझ्याकडे. "तुम्ही आणि कुंदामावशी होता तशा?"

"हो," मी म्हटलं.

मला बटण सापडेना. बोट दुसरीकडेच पडत होतं.

"मग पुढे लावा ना बाई," ती म्हणाली.

सिनेमा संपला. मुलं नेहमीसारखी जिन्यावरून धडधडत गेली. बायका उठल्या, मुलांच्या टोप्या सारख्या केल्या. इथे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. त्यात पुन्हा येण्याचं असतं. दर शनिवारी रेहाना दारात वळून "येते हां बाई" म्हणते. ह्या वेळी ती म्हणाली की नुसतीच गेली, हे मला आठवत नाही. मी वायर गुंडाळत होते, खाली बघत होते. सबंध आठवडा मी ते आठवायचा प्रयत्न केला. रात्री कूस बदलताना वाटतं, म्हणाली. सकाळी वाटतं, नाही.

रविवारी, मंगळवारी फोन वाजला की मी तो तीनदा वाजू द्यायचे, मग उचलायचे. भीती होती तसा कुणाचाच नव्हता, गॅसवाला, दूधवाला. बुधवारी तात्या कुंपणापाशी आले. नेहमी हाक मारतात, ह्या वेळी मी बाहेर येईपर्यंत थांबून राहिले. कपड्यांना औषधाचा वास होता.

"शनिवारचा ऐकला मी," ते म्हणाले. "तिच्या भावाला मी सांगितला होता, बहिणी म्हणून. माझ्या शब्दावर तो गप ऱ्हायलाय. आता माझा शब्द खोटा पडला."

मला त्यांची क्षमा मागावीशी वाटली. ते खरंच दुखावले होते. मी विचारलं, तात्या, तुम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं का?

त्यांनी हातातल्या पंपाच्या नळीचं तोंड पुसलं. "माहीत असना वेगळा आणि चारचौघांत बोलना वेगळा, बाय. उद्या तो आला विचारायला, तर मी काय सांगू?"

"मी काय बोलले ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आभाळाकडे बघितलं. "मळभ येतोयसा दिसतो," म्हणाले, आणि गेले. संध्याकाळी पंप सुरू झाल्याचा आवाज मी ऐकत होते. तो लवकर बंद झाला. त्यांनी सगळं फवारलं की अर्ध्यावर सोडलं, मला कळलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

आज पुन्हा शनिवार. मी दोनलाच येऊन बसले. वहीतल्या त्या ओळीतला एक शब्द शाईनं खोडला आणि वर 'आई' लिहिलं. टिंब तसंच ठेवलं. तीन वाजले, कुणी नाही. सव्वातीन वाजता चौघं आली, मग आणखी दोन. मी जिन्यात जाऊन बघितलं, सहा जोड. इतके कमी कधीच नव्हते. पंचवीस बाकांच्या खोलीत सहा मुलं फार लहान दिसतात. सुमैया त्यांत होती, पुढच्याच बाकावर, मांडीवर भाऊ. मागे एकटी रेहाना. मी नवा सिनेमा लावला आणि कसाबसा बोलले. दोनदा ओळ चुकले, एकदा हत्तीला उंदराचा आवाज दिला. मुलं हसली. मागे बघायचं धाडस मला झालं नाही.

संपल्यावर मी वायर गुंडाळायला घेतली नाही. तशीच उभी राहिले, दाराकडे तोंड करून. रेहानानं धाकट्याला कडेवर घेतलं, सुमैयाच्या पाठीला हात लावून तिला पुढे घातलं. उंबऱ्यात ती थांबली. ओढणी सारखी केली. तिलाही काहीतरी जड जात होतं, हे मला तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. खाली रस्त्यावर बाकीच्या आया उभ्या असणार, हे तिला माहीत होतं. मग ती वळली.

"येते हां बाई," ती म्हणाली. जिन्याखाली ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

ह्या वेळी मी ऐकलं.